संशोधनाचे गुणांकन आणि संशोधनाचे सातत्य : खान्देशातील महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. तोपर्यंत पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली खान्देशातील महाविद्यालये या नव्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आली. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. स्थापनेनंतरच्या काळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अध्यापकांमध्ये पीएच. डी. धारकांची, शोधनिबंधांची आणि चर्चासत्रांची संख्या लक्षणीय प्रमाणात वाढली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु संख्येच्या या वाढीबरोबर खान्देशाविषयीचे आपले ज्ञान त्याच प्रमाणात वाढले काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

प्रस्तुत लेखात गेल्या दीड दशकातील संशोधनविषयक नियम आणि अर्थसाहाय्याच्या पद्धती यांची समीक्षा महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टिकोनातून करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : संशोधन हे सातत्यावर जगते, आपली प्रचलित व्यवस्था मात्र केवळ समाप्तीची नोंद घेते. गुण मिळतात ते छापून झालेल्या निबंधाला आणि अनुदान मिळते ते मुदतीत संपणाऱ्या प्रकल्पाला. परिणामी जे काम वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, त्याला गुणही नाहीत आणि पैसाही नाही.

गुणांकनाची कार्यपद्धती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या नियुक्तीसाठी व पदोन्नतीसाठी शैक्षणिक कार्यनिर्देशांक, म्हणजेच सर्वपरिचित ‘एपीआय’ पद्धती आणली. तिच्यामागील हेतू चुकीचा नव्हता. निवड समितीच्या मर्जीवर आणि व्यवस्थापनाशी असलेल्या संबंधांवर पदोन्नती अवलंबून राहू नये, प्रत्येकाला आपले काम अंकांत दाखविता यावे, ही अपेक्षा रास्त होती. ग्रामीण भागातील, कोणाचाही वरदहस्त नसलेल्या अध्यापकाला या पद्धतीने एक संरक्षण दिले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि गुणांच्या कोष्टकात मोजमापाचे एकक निबंध हे होते. मूळ कोष्टकानुसार तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकातील एका शोधनिबंधाला १५ गुण आणि परिषदेच्या कार्यवृत्तात छापलेल्या पूर्ण निबंधाला १० गुण होते. याचा सरळ अर्थ असा की, सलग तीन पावसाळे सातपुड्यात हिंडून वनस्पतींच्या नोंदी करणाऱ्या आणि अखेरीस एकच निबंध लिहिणाऱ्या अध्यापकाला १५ गुण मिळत. त्याच काळात दोन परिषदांच्या कार्यवृत्तांत दोन निबंध देणारा अध्यापक २० गुण मिळवी. इम्पॅक्ट फॅक्टरनुसार अधिक गुणांची तरतूद होती हे खरे. परंतु स्थानिक वनस्पती, स्थानिक पिके किंवा अहिराणीसारखी बोली यांवरील काम त्या श्रेणीतील नियतकालिकांत सहसा पोहोचत नाही. दस्तऐवजांची सूची करणे, संग्रह जतन करणे, एकाच ठिकाणची निरीक्षणे दरवर्षी नोंदवीत राहणे या मूलभूत कामांना तर कोष्टकात स्तंभच नव्हता.

याच सुमारास संशोधक विद्यार्थ्यांवरही छपाईचे बंधन आले. २००९ च्या विनियमांनी पीएच. डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. २०१६ मध्ये त्यात परिषदांतील दोन सादरीकरणांची भर पडली. नॅकच्या मूल्यांकनातही दर अध्यापकामागे निबंधांची संख्या विचारली जाऊ लागली. म्हणजे विद्यार्थी, अध्यापक आणि महाविद्यालय या तिघांनाही एकाच वेळी छापील निबंधाची निकड निर्माण झाली. मागणी एवढी वाढल्यावर पुरवठा करणारे निर्माण होणे क्रमप्राप्तच होते.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट ठरविले की ते चांगले मोजमाप राहत नाही, असा त्याचा आशय पुढे रूढ झाला. निबंधांची संख्या ही एके काळी अभ्यासाची खूण होती. तिला गुण जोडल्यावर ती केवळ गुणांची खूण उरली.

मान्यताप्राप्त याद्यांचा अनुभव

या परिस्थितीवर आयोगाने शोधलेला उपाय म्हणजे नियतकालिकांची यादी. जानेवारी २०१७ मध्ये सुमारे ३८ हजार नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी प्रसिद्ध झाली. मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नियतकालिके वगळण्यात आली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या आणि अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी करून त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट दर्जाची असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोठे पत्ता नव्हता, कोठे संपादकांची नावे नव्हती, कोठे आय. एस. एस. एन. चुकीचा होता, तर कोठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा होता.

येथे एक बाब विशेषत्वाने लक्षात घेतली पाहिजे. ही नावे विद्यापीठांनी सुचविली होती. विद्यापीठ म्हणजे अखेर अभ्यास मंडळे, विभाग आणि अध्यापक. तेव्हा दोष केवळ दिल्लीतील कार्यालयाचा आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. हा प्रकार केवळ भारतापुरता आहे असेही नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या वतीने जॉन बोहॅनन यांनी जाणूनबुजून सदोष लिहिलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठविला, तेव्हा १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला होता.

यानंतर २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. याद्यांचा खेळ येथे थांबेल असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात यादीतील नियतकालिकांकडे निबंधांची रीघ लागली आणि यादीत असणे हेच मूल्यवान ठरले. ११ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेद्वारे आयोगाने ही यादीही बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली. दरम्यान, २०२२ च्या विनियमांनी एम. फिल. पदवी बंद झाली आणि पीएच. डी. साठीची निबंधाची सक्तीही उठली.

२०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या सुरुवातीच्या टप्प्यांवरील गुणांची सक्ती सैल केली. परंतु प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण ही अट कायम ठेवली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या निर्णयान्वये हे विनियम स्वीकारले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात निबंधांच्या संख्येऐवजी नऊ प्रकारच्या ‘लक्षणीय योगदानां’चा विचार सुचविण्यात आला. दिशा स्वागतार्ह असली, तरी योगदान लक्षणीय आहे किंवा नाही हे कोणीतरी वाचूनच ठरवावे लागते. वाचणारा नसेल, तर नऊ प्रकारांचीही नऊ कोष्टके होतील.

अर्थसाहाय्याचे स्वरूप

अर्थसाहाय्याच्या बाबतीत राष्ट्रीय चित्र सर्वज्ञात आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील खर्च १,२७,३८० कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ८.८ टक्के होता. या वाट्यातही राज्य विद्यापीठे मागे राहतात. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के आय. आय. टीं.ना आणि अवघा ११ टक्के राज्य विद्यापीठांना मिळत असल्याचे केंद्र शासनानेच २०२३ मध्ये मान्य केले होते. राज्य विद्यापीठांचीच ही स्थिती असेल, तर त्यांच्याशी संलग्न असलेल्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करता येते.

महाविद्यालयीन अध्यापकाला खऱ्या अर्थाने आवाक्यात असलेली योजना म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा लघुशोधप्रकल्प. पुण्यातील पश्चिम विभागीय कार्यालयामार्फत मिळणाऱ्या या अनुदानातून खान्देशातील कित्येक विभागांत पहिला संगणक, पहिला सूक्ष्मदर्शक किंवा पहिला संदर्भग्रंथसंच आला. बाराव्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि त्यासोबत हा झराही आटला. तो वाहत होता तेव्हाही त्यात एक मूलभूत दोष होताच. प्रकल्पाची मुदत साधारणतः दोन वर्षांची असे. पहिला हप्ता येईपर्यंत हंगाम निघून जाई. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र व लेखापरीक्षणानंतर येई. अहवाल सादर झाला की विषय संपे आणि उपकरण कपाटात जाई. अध्यापकाने त्याच प्रश्नावर पुढे काम करावे, यासाठी कोणतीही तरतूद नव्हती.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटी रुपयांचा आराखडा मांडण्यात आला. त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी रुपये उद्योग, देणगीदार आदी शासनबाह्य स्रोतांतून अपेक्षित होते. उद्योगांचा पैसा साहजिकच उद्योगांना उपयुक्त वाटणाऱ्या प्रश्नांकडे आणि मोठ्या प्रयोगशाळांकडे वळणार. अग्रगण्य संस्था केंद्रस्थानी ठेवून तिच्याभोवती इतर विद्यापीठे जोडण्याची प्रतिष्ठानाची योजना उपयुक्त आहे. परंतु संलग्न महाविद्यालयांचा तीत थेट विचार नाही. नियतकालिकांच्या वाचनाचीही हीच गत आहे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना सुमारे १३,००० नियतकालिके खुली करते. तिची आखणी मात्र प्रथम केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी झाली. खान्देशातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली आणि शासनाने अनुदानित केलेली आहेत. त्यांच्या प्रवेशाचा प्रश्न अग्रक्रमाने सुटला पाहिजे.

याहून बिकट प्रश्न तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचा आहे. अनुदान योजनांत अर्जदार पूर्णवेळ व नियमित असण्याची अट सर्रास असते. नुकतीच पीएच. डी. झालेला, हाती ताजा विषय असलेला तरुण अध्यापक या अटीमुळे नेमका उमेदीच्या वर्षांत संशोधनाबाहेर राहतो. नियमित पद मिळेपर्यंत विषय शिळा झालेला असतो.

खान्देशातील दोन दाखले

संशोधन कशावर उभे राहते हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. खान्देशातच दोन दाखले उपलब्ध आहेत. एक इतिहासाचा आणि दुसरा विज्ञानाचा. विषय भिन्न असले तरी त्यांतून निघणारा बोध एकच आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाल्यापासून बावीस खंडांचे हे काम त्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून केले. कोणत्याही संस्थेचे वेतन त्यामागे नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यातील मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले, त्यांचे दप्तर सांभाळले आणि १९३२ पासून ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालविले. राजवाडे यांची मते आज कोणी मान्य करो अथवा न करो, त्यांनी जमविलेली साधने अभ्यासकाला तपासता येतात. हे शक्य झाले, कारण व्यक्ती गेल्यावरही संग्रह राहिला. एकट्या व्यक्तीच्या त्यागावर विसंबणे ही काही अनुकरणीय अर्थव्यवस्था नव्हे. पण व्यक्तीनंतर काम पुढे नेणारी संस्था उभी करणे हे निश्चितच अनुकरणीय आहे.

दुसरा दाखला जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रात परदेशी वाणातून निवड पद्धतीने भुईमुगाचे ‘जे. एल. २४’ अर्थात ‘फुले प्रगती’ हे वाण तयार झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते शेतकऱ्यांच्या हाती आले. लवकर येणारे, उपटी प्रकारचे हे वाण भारताच्या अनेक राज्यांत पसरले. आफ्रिकेतील मलावी देशात ते ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाले. नावातील ‘जे. एल.’ ही अक्षरे जळगावची आहेत. निवड पद्धतीत हंगामामागून हंगाम तीच ओळ पेरावी, पारखावी आणि नाकारावी लागते. यासाठी कायम जमीन, कायम कर्मचारी आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारा निधी लागतो. कृषी विद्यापीठाचे केंद्र आणि १९६७ पासून चाललेला अखिल भारतीय समन्वित तेलबिया प्रकल्प या चौकटीत तो आधार होता. हे केंद्र दोन वर्षांच्या प्रकल्पांवर चालले असते, तर पारख अर्ध्यावरच थांबली असती.

यावर कोणी म्हणेल की, महाविद्यालय म्हणजे संशोधन केंद्र नव्हे. अध्यापकाला तासिका, परीक्षा, प्रवेश आणि प्रशासकीय कामे सांभाळून संशोधन करावयाचे असते. आक्षेप बरोबर आहे. परंतु म्हणूनच महाविद्यालयाला झेपेल असे काम निवडले पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यातील केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे येणाऱ्या रोगाचा, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, प्रादुर्भाव एखाद्या वर्षी अतिशय तीव्र असतो, तर एखाद्या वर्षी जाणवतही नाही. विषाणूचा जनुकीय अभ्यास मोठ्या प्रयोगशाळेत व्हावा. परंतु ठरावीक शेतांत दरवर्षी ठरावीक आठवड्यांत माव्याची संख्या, पाऊस आणि रोगट झाडे मोजणे हे वनस्पतिशास्त्र विभागाचे विद्यार्थी उत्तम रीतीने करू शकतात. दहा वर्षांची अशी नोंद ही कोणत्याही प्रगत प्रयोगशाळेला हेवा वाटावी अशी सामग्री ठरेल. तापी-गिरणेच्या पाण्याची प्रत, सातपुड्यातील वनस्पतींचा फुलण्याचा काळ, अहिराणीचा शब्दसंग्रह यांबाबतही हेच म्हणता येईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेणारे विद्यार्थी लवकरच संलग्न महाविद्यालयांतून येतील. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवे आहेत. चालू असलेली नोंदवही त्यांच्या हाती दिली, तर ते तिच्यात भर घालतील. नाहीतर जुने प्रकल्प नवी मुखपृष्ठे लावून येतील.

आपली नियतकालिके

या समीक्षेतून महाविद्यालयांनी प्रकाशित केलेली बहुविद्याशाखीय नियतकालिके वगळणे योग्य होणार नाही. प्रस्तुत लेखही अशाच एका नियतकालिकात प्रसिद्ध होत आहे. एकाच अंकात रसायनशास्त्र, मराठी कादंबरी, सहकारी बँका आणि शारीरिक शिक्षण या विषयांवरील लेख असतात. मुखपृष्ठावर ‘तज्ज्ञ-परीक्षित’ असे छापलेले असते. या सर्व विषयांचे परीक्षक प्रत्येक अंकासाठी उपलब्ध होतात काय? किती निबंध परत पाठविले जातात? परीक्षकाच्या सूचनेवरून किती निबंधांत खरोखर बदल होतो? यादी बंद झाल्यानंतर दर्जाची जबाबदारी संस्थांकडे आली आहे आणि या प्रश्नांची उत्तरे आता आपल्यालाच द्यावयाची आहेत. स्थानिक नियतकालिके बंद करावीत असा याचा अर्थ नाही. मोठ्या नियतकालिकांना न पेलणारे स्थानिक संशोधन मराठीतून छापण्याचे काम दुसरे कोण करणार? परंतु तो अधिकार टिकवायचा असेल, तर नकार देण्याचे धैर्यही टिकवावे लागेल.

सुधारणेच्या दिशा

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. पदोन्नतीसाठी सर्व निबंधांची गणना करण्याऐवजी अध्यापकाने स्वतः निवडलेली तीन कामे विषयतज्ज्ञांनी वाचून लेखी अभिप्राय द्यावा. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीच्या कामाची किंमत करू नये, हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचे सूत्रही हेच सुचविते. संग्रह, सूची, दीर्घकालीन निरीक्षणे आणि खुली आधारसामग्री यांना या तीन कामांत स्थान असावे.

२. विद्यापीठाने व्यक्तीऐवजी विभागाला, अल्प रकमेचे परंतु किमान सात ते दहा वर्षे चालणारे अनुदान द्यावे. ते हंगामापूर्वी हाती पडावे. अध्यापक निवृत्त झाला तरी काम विभागात राहावे.

३. प्रबंध ‘शोधगंगा’वर उपलब्ध होतात, त्यामागील मूळ नोंदी मात्र नष्ट होतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा नोंदींचे भांडार असावे. अनुदानाची अंतिम रक्कम नोंदी जमा केल्यावरच मिळावी.

४. कोणाला, कोणत्या विषयासाठी, किती अनुदान मिळाले आणि निष्पन्न काय झाले, याची नोंदवही सर्वांसाठी खुली असावी. अपेक्षित निष्कर्ष न निघालेले प्रकल्पही तिच्यात नोंदले जावेत.

५. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना नियमित अध्यापकासमवेत सह-अन्वेषक म्हणून मानधनासह सहभागी होता यावे.

६. महाविद्यालयीन नियतकालिकांनी वर्षाअखेर आलेल्या, नाकारलेल्या व छापलेल्या निबंधांची संख्या आणि परीक्षकांची यादी प्रसिद्ध करावी. लेखकाकडून छपाईचे शुल्क घेऊ नये.

यांपैकी पहिली सूचना आयोगाच्या व शासनाच्या निर्णयाशिवाय अंमलात येणार नाही. दुसरी ते पाचवी विद्यापीठ स्तरावर प्रायोगिक स्वरूपात सुरू करता येतील. सहावीसाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.

समारोप

२०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत नियम अनेकदा बदलले. गुण आले, सैल झाले. याद्या आल्या, गेल्या. प्रत्येक बदलाबरोबर अध्यापकांनी आपले वर्तन नव्या नियमाला जुळवून घेतले, कारण वेतनश्रेणी आणि स्थाननिश्चिती त्यावर अवलंबून होती. त्याबद्दल एकट्या अध्यापकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु पुढील नियमाची वाट पाहत बसणे हेही तितकेच घातक आहे. राजवाडे यांचे दप्तर आणि जे. एल. २४ हे दोन्ही दाखले सांगतात की, खान्देशात टिकाऊ संशोधन होऊ शकते. त्यासाठी एका प्रश्नापाशी दीर्घकाळ थांबण्याची सोय लागते. ही सोय निर्माण करणे हाच सुधारणेचा गाभा आहे. एखाद्या विभागाने या पावसाळ्यात एक नोंदवही उघडली आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुढे चालविली, तर त्या सुधारणेचा आरंभ झाला असे म्हणता येईल.